घरपट्टीतला शिक्षण कर आणि शेजारच्याचं पोर

सातारा शहरात किंवा सांगलीत स्वतःचं घर असेल तर घरपट्टीचं बिल एकदा सावकाश वाचा. त्यात ‘शिक्षण कर’ अशी एक ओळ सापडेल. हा कर गोळा स्थानिक संस्था करते, पण तो राज्य सरकारचा असतो आणि त्यामागचा कायदा १९६२ चा आहे. प्राप्तिकर भरणाऱ्याला त्यावर चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आणखी द्यावा लागतो. घरात शाळकरी पोर नसलं तरी ही आकारणी चुकत नाही. पोरं फी भरून इंग्रजी माध्यमात जात असली तरीही नाही. पोवई नाक्यावर चहा पिताना यावर जी कुरकुर ऐकू येते ती अगदी सरळ असते: माझ्या पोरांचं मी बघतो, दुसऱ्याच्या पोरांच्या शाळेचे पैसे मी का भरायचे?

प्रश्न रास्त आहे. पण त्याला ‘समाजाचं देणं’ वगैरे मोघम उत्तर दिलं की विचारणारा हसतो, आणि त्याचं चूक नाही.

हिशेबी उत्तर असं. शिक्षणाचा फायदा शिकणाऱ्यापाशी थांबत नाही. शेजारच्याचं पोर उद्या तुम्ही बसलेली एसटी चालवणार आहे, तुमच्या आईला सलाईन लावणार आहे, तलाठ्याच्या कचेरीत तुमच्या सातबाऱ्यावर नोंद घालणार आहे. ग्रामसभेत ते हात वर करणार आहे. मतदानाला गेलं की त्याच्या मताचं वजन तुमच्या मताइतकंच भरणार आहे. फी घेणारी शाळा पालकाला विकते तो त्याच्या मुलाला मिळणारा फायदा. बाकीच्या गावाला जो फायदा होतो त्याचं बिल ती कुणाच्या नावे फाडणार? ते कुणीच भरत नाही, म्हणून कर.

इथपर्यंतचं रस्त्यालाही लागू पडतं. पण रस्ता त्यावरून जाणाऱ्याला बदलत नाही, शाळा बदलते. म्हणून शाळेच्या बाबतीत पैसे कुणी द्यायचे यापेक्षा अवघड प्रश्न पुढे येतो: माणूस कसा घडवायचा, आणि हे ठरवणार कोण?

आधी मत की आधी शाळा?

सरकारनं सगळ्यांना शिकवावं ही मागणी आपल्याकडे नेमक्या शब्दांत मांडली ती जोतीराव फुल्यांनी. त्यांचं मूळ गाव कटगुण, सातारा जिल्ह्यातलं. सावित्रीबाईंचं माहेर नायगाव, तेही याच जिल्ह्यात. १८८२ मध्ये इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी सरकारचा जमाखर्चच मांडला. महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणावरचा पैसा खर्च होतो वरच्या वर्गांच्या मुलांवर. तेव्हा प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, असं त्यांनी मागितलं. दुसऱ्याच्या पोरांच्या शाळेचे पैसे मी का भरू, ही तक्रार खरं तर तेव्हा रयतेची होती. आज ती उलट्या बाजूनं ऐकू येते, एवढंच.

मागणी लगेच मान्य झाली नाही. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात आणलं. ते सौम्य होतं, तरी पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. संस्थानिक मात्र पुढे गेले. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संपूर्ण बडोदा संस्थानात शिक्षण सक्तीचं केलं होतं, शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. साताऱ्याची गादी १८४८ मध्येच खालसा झालेली. इथे हुकूम काढणारा राजा नव्हता आणि इंग्रज सरकारला घाई नव्हती. पुढे याच जिल्ह्यात लोकांनी स्वतः शाळा उभ्या केल्या त्यामागे हेही एक कारण आहे असं मला वाटतं.

जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात मात्र राजा होता. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. १९३९ मध्ये त्यांनी राज्यघटना करून आपला कारभार प्रजेच्या हाती दिला. आजच्या सांगली जिल्ह्यातलं आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होतं. घटना तयार करताना गांधीजींचा सल्ला घेतला गेला आणि त्यांनी एक अट सुचवली: मत देणाऱ्याला लिहितावाचता आलं पाहिजे. अट ऐकायला कडक वाटते, पण तिच्यामागचा विचार साधा होता. सत्ता हवी तर अक्षर शिका, आणि राज्यानं ते शिकवायची सोय करावी. थोडक्यात, आधी शाळा, मग मत.

दहाच वर्षांनी भारताच्या घटनाकारांनी हा क्रम उलटा केला. एकवीस वर्षांच्या प्रत्येकाला मत, शिकलेला असो वा नसो. १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता जेमतेम १८ टक्के होती, बायकांमध्ये ९ टक्क्यांच्याही खाली. मतपेटीवर चिन्हं लावून पहिली निवडणूक पार पडली. हा निर्णय धाडसाचा होता आणि माझ्या मते बरोबरही होता. कारण ज्याला मत नाही त्याच्यासाठी शाळा काढायची कुणाला निकड असते? मत आधी दिलं की शाळा ही सरकारची मेहेरबानी राहत नाही, मतदाराचं येणं होतं. राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदात या येण्याची मुदतही घातली होती: दहा वर्षांत, चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण.

मुदत १९६० ला संपली, येणं वसूल झालं नाही. हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांमध्ये होता आणि मार्गदर्शक तत्त्व मोडलं म्हणून कोर्टात जाता येत नाही. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत मानला. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं ‘२१ अ’ हा अनुच्छेद आला, २००९ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाचा शाळेवर आता हक्क आहे आणि हक्क म्हटला की कोर्टाचं दार उघडं असतं.

हे दार कागदापुरतं नाही. जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली शाळेसाठी कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत पलीकडे जात आणि पुढे जंगलातून चालत. बातमी छापून आली, तेव्हा २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिची स्वतःहून दखल घेतली आणि सरकारला जाब विचारला. १९६० साली अशाच मुली होत्या, असाच डोंगर होता. जाब विचारायची सोय नव्हती.

पुस्तकात धडा आहे, मग अडतं कुठे?

नागरिक घडवायचे म्हटलं की पहिल्यांदा आठवतं ते नागरिकशास्त्राचं पुस्तक. प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला राज्यघटनेची उद्देशिका छापलेली असते, ‘भारत माझा देश आहे’ ही प्रतिज्ञा असते. ही प्रतिज्ञा मुळात तेलुगूत लिहिलेली, १९६२ साली. परिपाठाला उद्देशिका म्हटली जाते, राष्ट्रगीत होतं. हे सगळं असावंच. पण दहावीत राज्यशास्त्र इतिहासाच्या पेपरात थोड्या गुणांपुरतं उरतं आणि पोरं गाइडमधून ‘लोकशाहीपुढील आव्हाने : टीप लिहा’ पाठ करतात. पाठांतरानं नागरिक तयार होत असते तर ग्रामसभेला कोरम कधी कमी पडला नसता.

शाळा माणूस घडवते ती धड्यापेक्षा स्वतःच्या रचनेतून. शेजारी कोण बसतं, पाणी कोण कुठून पितं, डबा कुणाबरोबर खाल्ला जातो, चूक झाली तर मास्तर सगळ्यांना सारखंच बोलतात की आडनाव बघून बोलतात. हे रोज पाच-सहा तास, वर्षानुवर्षं चालतं आणि त्याची परीक्षा नसते. म्हणूनच ते अंगात मुरतं.

याचा पुरावा सातारा शहरातच आहे, दोन टोकांचा. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी राजवाड्यातल्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. तीच शाळा आजची प्रतापसिंह हायस्कूल, आणि महाराष्ट्र सरकार २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. शाळा सरकारी, मास्तर पगारी, पुस्तकं सगळ्यांना तीच. तरीही साताऱ्यातल्या त्या दिवसांबद्दल बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय की त्यांना वर्गात वेगळं, कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागे आणि शिपायानं नळ उघडून दिला तरच पाणी मिळे. शिपाई नाही, तर पाणी नाही. सरकारनं शाळा काढली, दार उघडलं, मुलाला आत घेतलं, आणि आत आल्यावर त्याला दर दिवशी शिकवलं काय, तर तू इतरांसारखा नाहीस. वर्गातल्या बाकीच्या मुलांनाही तोच धडा मिळाला, उलट्या बाजूनं. त्यांच्या नागरिकपणाचंही तेवढंच नुकसान झालं, फक्त ते कुणी नोंदवलं नाही.

दुसरं टोक याच शहरात चोवीस वर्षांनी. किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांचा काचमाल विकत खेडोपाडी फिरलेले भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ च्या दसऱ्याला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळ्या जातिधर्मांची मुलं एका छपराखाली. स्वयंपाक मुलांनीच करायचा, भांडी त्यांनीच घासायची, एका पंगतीत जेवायचं आणि शेतात राबून खर्चाचा वाटा उचलायचा. ‘कमवा आणि शिका’ म्हणतात ते हेच. पैशांची चणचण एवढी की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. २५ फेब्रुवारी १९२७ ला गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाचं नाव छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस ठेवण्यात आलं. धनिणीच्या बागेतलं बोर्डिंग म्हणून जुने सातारकर ते ओळखतात.

भाऊरावांनी समतेवर व्याख्यानं दिली असतीलच, पण बोर्डिंगचं काम व्याख्यानानं झालं नाही. एका मुलानं मळलेलं पीठ, दुसऱ्यानं भाजलेली भाकरी, तिसऱ्याच्या ताटात. जातीनं आखलेली रेघ पंगतीत रोज दोनदा पुसली जात होती. राजवाड्यातल्या शाळेत सरकारचा पैसा होता पण ही रचना नव्हती. बोर्डिंगात रचना होती आणि पैसा मुठीमुठीनं जमवायचा होता, तोही अक्षरशः, कारण घरोघरी बाजूला ठेवलेल्या मूठभर धान्यावर ही बोर्डिंगं चालत.

या दोन गोष्टी एकत्र आल्या तर काय होतं, तेही आपण पाहिलं. १९३८ पासून रयतनं खेड्यांत व्हॉलंटरी शाळा काढल्या, पहिली साताऱ्याच्या डोक्यावरच्या यवतेश्वरला. शेकडो वाड्यावस्त्यांना पाटी-पेन्सिल पहिल्यांदा दिसली ती या शाळांमुळे. पुढे त्या सरकारी यंत्रणेकडे गेल्या. देवराष्ट्र्यात जन्मलेले आणि कराडच्या टिळक हायस्कुलात शिकलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले, त्यांच्या सरकारनं आर्थिकदृष्ट्या मागास घरातल्या मुलांना फी माफ केली. ती ‘ईबीसी’ सवलत. निकष जात नव्हता, उत्पन्न होतं, आणि या पट्ट्यातली एक अख्खी पिढी त्या तीन अक्षरांवर पदवीपर्यंत पोचली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि गावातली प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची झाली.

आज्ञाधारक की नागरिक?

सरकारी शिक्षणाची दुसरी बाजू सांगायला हवी. शाळा हातात आली की सत्तेला मोह होतोच. प्रशियाच्या राजानं १७६३ मध्ये सक्तीचं शिक्षण आणलं, जपाननं १८७२ मध्ये देशभर शाळांची व्यवस्था उभारली. दोन्हीकडे साक्षरता झपाट्यानं वाढली आणि दोन्हीकडे याच शाळांतून हुकूम झेलणारी माणसंही भरपूर तयार झाली. आपल्याकडे इंग्रजांना कारकून हवे होते, तेवढेच त्यांनी घडवायला काढले. गंमत म्हणजे त्याच शाळांमधून टिळक, आगरकर, गोखले निघाले. शाळेनं काय घडवायचं हे ठरवता येतं, पण प्रत्यक्षात काय घडेल यावर पूर्ण ताबा कुणाचा राहत नाही. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं सातारा जिल्ह्यात इंग्रजांचा अंमल जवळजवळ उठवला, तेव्हा त्यात शाळा-कॉलेजं सोडून आलेली पोरंही होती.

या मोहाला आवर घालायचा तर शाळेचे सगळे दोर एका हातात नसावेत. आपल्याकडे ते विखुरलेले आहेत, काही ठरवून, काही आपोआप. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून शिक्षण समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात. पुस्तकं बालभारतीची, १९६७ पासून, आणि ती फक्त मराठीत निघत नाहीत. जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्याच कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. मराठी राज्याची शाळा कन्नड पोराला त्याच्या भाषेत शिकवते. शेजारच्या राज्याशी सीमेचा वाद चालू असतानाही शिकवते. नागरिकपण म्हणजे काय याचं याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

फीनुसार पडलेल्या भिंती

जातीच्या रेघा शाळेनं पुसायला घेतल्या, आणि मग फीच्या भिंती आल्या. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिली. दादा सांगलीचे. ज्या भागात कमवा आणि शिका रुजलं, त्याच भागातल्या नेत्यानं पैसे भरा आणि शिका याचं दार उघडलं, हा योगायोग चमत्कारिक आहे. दादांची बाजूही समजून घ्यावी. इंजिनिअर व्हायला आपली पोरं कर्नाटकात जाऊन देणग्या भरत होती, त्याऐवजी कॉलेजं इथेच निघोत हा व्यवहारी विचार होता. कॉलेजं निघाली, इंजिनिअर झाले. मग तीच रीत खाली सरकत शिशुवर्गापर्यंत आली, आणि आज कराड, इस्लामपूर, विटा, फलटणच्या आसपासच्या गावांत सकाळी पिवळ्या बसेस पोरं उचलतात.

पालकांना दोष देणं सोपं आहे, मी देणार नाही. इंग्रजी यावं असं कुणाला वाटत नाही? पण गावातल्या ज्या घरांकडे पैसा आणि वट आहे त्यांची मुलं एकदा जिल्हा परिषदेच्या शाळेतून गेली की दोन गोष्टी घडतात. शाळेचं छप्पर गळतंय म्हणून पंचायत समितीत आवाज चढवणारं कुणी उरत नाही. आणि बागायतदाराचं पोर व ऊसतोड कामगाराचं पोर एका बाकावर बसण्याची शेवटची जागा संपते. पुढे दोघं भेटतात ती एकदम फडावर, एक मालक म्हणून, एक कोयता हातात घेऊन.

शिक्षण हक्क कायद्यातली २५ टक्के जागांची तरतूद याच दुखण्यावर आहे. खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गात चौथा हिस्सा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायचा, फी सरकार भरणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यानं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. त्याच जुलैमध्ये उच्च न्यायालयानं ती सूट रद्द केली. बातम्यांत वाद सरकारनं थकवलेल्या पैशांचा दिसला. मुळात तो शेजारी कोण बसणार याचाही होता.

डोंगराकडची अडचण निराळी. महाबळेश्वर, पाटण, जावळीत वाड्या लहान, माणसं मुंबईला, शाळेचा पट दहा-बारावर. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. चार मुलं आणि एक मास्तर यांत खेळायलासुद्धा सोबती मिळत नाहीत, हे खरंच आहे. पण पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी हा नियमही विचारपूर्वकच केलेला होता. सहा वर्षांची मुलगी पावसाळ्यात घाट उतरून शाळेत पाठवायला आई तयार होत नाही. गाडीची सोय आधी आणि शाळा बंद नंतर, असा क्रम असेल तर समूह शाळेला माझा विरोध नाही.

गावाच्या हातात काय आहे

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ मध्ये गावानं मिळून एक नियम केला. रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. साडेआठला दुसरा भोंगा. हा कुणाचा जीआर नव्हता, गावानं ठरवलं आणि गावानंच पाळलं. मुलांचं वाचन किती सुधारलं हा एक भाग. मोठी माणसं स्वतः केलेला नियम स्वतःवर लागू करतात, हे मुलांनी घरात बसून पाहिलं, तो दुसरा.

कायद्यानंही गावाला एक जागा दिली आहे: शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या बायका, आणि अध्यक्ष पालकांतूनच. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते, अनुदान कशावर खर्च झालं हे ती बघते. शिक्षकांना जनगणना, निवडणूक आणि आपत्तीची कामं सोडून इतर अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही असं कायदा सांगतो. मास्तर वर्गावर का नाहीत हे विचारायचा अधिकारही म्हणून तिचाच. पुष्कळ ठिकाणी मात्र मुख्याध्यापक नावं भरतात आणि सह्या घरपोच घेतल्या जातात. जिथे बैठक खरोखर भरते तिथेही यादीत पहिली येते ती रंगरंगोटी आणि स्मार्ट टीव्ही. त्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येतं का, आणि पाचवीतल्या कोणत्याही मुलाला दुसरीच्या पुस्तकातला उतारा न अडखळता वाचता येतो का.